लिंब कडूच लागतो

रबराचा फुगा दाबायचा आणि सोडायचा. दाबला की माझ्या जावेची छाती वर यायची, सोडला की खाली बसायची. मी थांबले असते तर ती तिथंच, त्या गाडीत, मेली असती. डॉक्टरांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"आजी, त्यांचा श्वास आता तुमच्या हातात आहे. माझ्याकडं बघू नका. त्यांच्या छातीकडं बघा."

तुळजापूरहून सोलापूरला निघालेली ॲम्ब्युलन्स होती. डॉक्टर एकटे होते आणि वयानं लहान. जावेच्या घशात नळी घातलेली होती. गाडी आदळली की नळी हलायची, आणि नळी सुटली तर फुगा दाबून काही उपयोग नाही, म्हणून त्यांचे दोन्ही हात तिच्या हनुवटीला आणि नळीला गुंतलेले. फुगा आधी त्यांनी तिच्या मुलाकडं दिला होता. मुलगा म्हणजे चाळिशीचा बाप्या, माझा पुतण्या. त्याचे हात असे कापायला लागले की तो घाईघाईनं दाबत सुटला. डॉक्टरांनी फुगा काढून घेतला आणि माझ्याकडं दिला. मागं आणखी कोणी नव्हतंच.

माझ्या बोटांचे सांधे धरलेले आहेत. सकाळी भाकरी थापतानासुद्धा मूठ नीट मिटत नाही. तामलवाडी यायच्या आधीच उजव्या हाताला गोळे आले. मी डाव्या हाताने दाबलं. तोही दुखायला लागला तेव्हा फुगा मांडीवर ठेवून तळहाताने दाबला.

जावेचे डोळे मिटलेले होते. पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हतं. भिजलेलं पोतं पडावं तशी पडली होती. पण ती ऐकत होती. हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. मला ते आधीच माहीत होतं, आणि ते माहीत असणं किती वाईट असतं हेही मला माहीत होतं. म्हणून मी बोलत राहिले.

"ऐकतीस न्हवं? तू मेली न्हाईस. मेल्यावर असलं अंग दुखत न्हाय. तुझं तोंड बंद हाय हे एक बरं झालं. लगीन होऊन आलीस तवापासून पयल्यांदा म्या बोलते आन् तू मधी बोलत न्हाईस."

पुतण्या म्हणाला, "मोठ्याई, आता तरी आईला बोलू नका."

"तू गप बस. दार धर."

असं पडलेलं माणूस ऐकत असतं हे मला कळलं ते एका वर्गात. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात मोठ्या माणसांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग भरला होता. जिल्ह्याच्या गावाहून शिकवणारे यायचे. थोडं गाणं, थोडं चित्र, थोडा इतिहास, थोडं विज्ञान. परीक्षा नाही, फी नाही, वयाची अट नाही. मी चौथी पास. जाऊ दुसरीतून निघालेली. आम्ही दोघी विधवा, घर एकच, मधे भिंत. दुपारी उन्हात करायला काही नसतं आणि समाजमंदिरात पंखा होता, म्हणून गेलो. खरं कारण तेच.

पारावर बसलेले बाप्ये चेष्टा करायचे. "काय आक्का, पास झाल्यावर नोकरी कुठं?"

मी म्हणायचे, "तू काय करतोस रे? तेच करीन. पारावर बसंन."

गाण्याचे सर पेटी घेऊन यायचे. ते आम्हाला आमच्याच जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावायचे, पण पूर्ण ओवी एका दमात. म्हणे त्यानं छाती मोकळी होते. जाऊ ओवीच्या शेवटापर्यंत जायची आणि शेवटचं अक्षर आणखी ओढत बसायची, सर हात खाली करेपर्यंत. सगळ्या वर्गात तिच्यासारखा दम कोणाचा नव्हता. माझा अर्ध्यात तुटायचा. ती म्हणायची, "आक्का, तुमचा दम भांडणात सरला." चित्राच्या तासाला तिनं म्हैस काढली, ती चांगली निघाली. मी काही काढलं नाही. मला कागद वाया घालवायला आवडत नाही. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, आपल्या जिल्ह्यातल्या तेर गावाहून फार पूर्वी माल समुद्रापलीकडं जायचा. जाऊ म्हणाली, "आता आमच्या गावाहून पोरं पुण्याला जात्यात. तेवढाच माल." मॅडमसुद्धा हसल्या.

विज्ञानाच्या मॅडमनी एक दिवस सापांची चित्रं आणली. नाग, घोणस, फुरसं, मण्यार. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, कारण नाव घेतलं की ते येतं. मॅडम सरळ साप म्हणत होत्या. मण्यारीचं चित्र पुढं धरून त्यांनी सांगितलं की ही चावली तर सूज येत नाही, आग होत नाही, खूण धड दिसत नाही. आधी पोटात दुखतं. मग पापण्या जड होतात, मग आवाज बसतो, मग श्वास अपुरा पडतो. ओळखायचं असेल तर त्या माणसाला एका दमात आकडे म्हणायला लावा, आकडे कमी कमी होत जातील.

मी विचारलं, "आन् लिंब कडू लागला तर?"

आमच्या गावची रीत अशी. पान लागलेल्या माणसाला मारुतीच्या देवळात आणायचं आणि कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. पाला गोड लागला तर विष चढलं. कडू लागला तर विष नाही, भ्यायचं कारण नाही. पण एकदा देवळात आणलेलं माणूस दिवेलागणीच्या आधी बाहेर न्यायचं नाही. दिवा लागला की देवानं सोडलं, मग घरी जायचं. आधी नेलं तर मरतं.

मॅडम म्हणाल्या, "लिंब कडूच लागतो, आजी. विष असलं तरी कडूच लागतो. जिभेची चव शेवटपर्यंत चालते. कानही चालतात. मण्यार चावलेला माणूस झोपल्यासारखा दिसतो, पण तो शुद्धीत असू शकतो. त्याला सगळं ऐकू येत असतं, फक्त हलता येत नाही. तेवढा वेळ कोणी त्याला श्वास दिला तर तो जगतो."

मी घरी आले आणि भाकरी केल्या.

माझ्या मालकांना खळ्यावर पान लागलं होतं. आता त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना मारुतीला आणलं, पाला दिला, ते म्हणाले कडू आहे. सगळे हसले. कोणीतरी चहा आणला. माझा दीर, म्हणजे जावेचा नवरा, त्यांच्या शेजारी बसला होता, दिवा लागेपर्यंत हलायचं नाही म्हणून. मालक म्हणाले, पोटात कळ येतेय. लोक म्हणाले, गॅस असेल. मग ते आडवे झाले. लोक म्हणाले, झोपू द्या, उन्हातनं आलेत. त्यांच्या उशाशी बसून बाप्ये बाजाराच्या गोष्टी करत होते, चेष्टा करत होते. दिवेलागणीला पुजारी दिवा लावून त्यांना उठवायला गेला तर ते गार झालेले होते.

लोक म्हणाले, त्यांचं आयुष्यच तेवढं. मीही तसंच धरून चालले. त्याचा मला आधार होता. आयुष्य तेवढंच होतं म्हटलं की कोणावर राग येत नाही, रात्री झोप लागते. त्या दुपारी समाजमंदिरात, पंख्याखाली, मॅडमनी तो आधार काढून घेतला. त्यांना ते माहीतही नव्हतं. आयुष्य तेवढं नव्हतं. आणि ते झोपलेले नव्हते. आम्ही चहा पीत होतो आणि ते ऐकत होते.

वर्गाहून येताना जाऊ म्हणाली, "आक्का, झालं ते झालं. आता कशापाय उकरायचं?"

"तुझ्या नवऱ्यानं बसवून ठिवलं व्हतं."

"त्यांनी रीत पाळली. ते बी आता न्हाईत. मेलेल्या माणसावर का घालता?"

"माझा बी मेलेलाच हाय."

तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही आपापल्या चुली पेटवत होतो. वर्ग संपला. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा फोटो काढला, त्यात ती एका टोकाला आहे आणि मी दुसऱ्या.

पाऊस तोंडावर आला होता. कडबा भिजू नये म्हणून तिनं एका सकाळी गंजीतल्या खालच्या पेंढ्या ओढून गोठ्यात न्यायला घेतल्या. तळाच्या पेंढीबरोबर मण्यार हातात आली. तिनं पेंढी टाकली, ओरडली नाही. भिंतीवरून मला म्हणाली, "आक्का, पान लागलं." इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी गेले. बोटावर दोन बारीक ठिपके. सूज नाही, काही नाही. मी पुतण्याला म्हणाले, "दवाखान्यात ने." तीच म्हणाली, "आधी मारुतीला." वर्गात माझ्या शेजारी बसून तिनं सगळं ऐकलं होतं. पण वर्ग वर्गाच्या जागी आणि मारुती मारुतीच्या. अंगात भीती शिरली की माणूस जुन्या वाटेनंच पळतं.

देवळात माणसं जमली. पुजाऱ्यानं पाला दिला. हा पुजारी त्या वेळच्या पुजाऱ्याचा मुलगा, आता तोही पिकलेला. तिनं चावला, तोंड वाकडं केलं.

"कडू हाय."

सगळ्यांनी श्वास सोडला. एकजण म्हणाला, "चला, म्हातारी वाचली. चहा सांगा." तेच देऊळ, तीच फरशी. चहा म्हटल्यावर मला कळेना की मी कोणत्या वर्षात उभी आहे.

मी म्हणाले, "गाडी बोलवा."

पुजारी म्हणाला, "वैनी, इख न्हाय. कडू लागला न्हवं? दिवेलागणीपातूर बसू द्या."

"तुझ्या बापानं बी हेच सांगितलं व्हतं."

तो जागचा हलला नाही. पुतण्या आईच्या तोंडाकडं बघत होता. जाऊ म्हणाली, "म्या न्हाय जात. मला काय सुदिक झालं न्हाय." थोड्या वेळानं तिनं पोट धरलं. म्हणाली, शिळी भाकरी बाधली. मी तिला वर बघायला सांगितलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. बाया म्हणाल्या, ऊन लागलंय. मी ज्याच्या त्याच्या तोंडाकडं बघत होते. चौथी पास बाई, पंधरा दिवसांचा वर्ग, माझं कोण ऐकणार. ओरडले असते तर म्हणाले असते, हिच्या डोक्यात अजून नवराच आहे. तेही खोटं नव्हतं.

मग मी जावेपुढं बसले आणि म्हणाले, "ओवी म्हण. एका दमात."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. "इथं?"

"इथंच. वर्गात म्हणत व्हतीस ती."

तिनं सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला आवाज तुटला. तिनं श्वास घेतला, पुन्हा लावली, पुन्हा तिथंच तुटली. तिसऱ्यांदा दोन शब्द झाले. आवाज नाकातून आल्यासारखा येत होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं. मी तिच्या डोळ्यात बघितलं तेव्हा तिला कळलेलं होतं.

वर्गाला येणाऱ्या बाया तिथंच होत्या, आणि ज्या येत नव्हत्या त्यांनीही बारशात, लग्नाच्या हळदीत तिचा आवाज ऐकलेला होता. जावेचा दम तुटतो हे आमच्या गावात कोणी कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलेलं कोणी मानलं नसतं, पण हे प्रत्येकाच्या कानांनी ऐकलं.

पुतण्या उठला, पण दारापाशी अडला. "दिवा लागला न्हाय अजून," तो म्हणाला. त्याला मी हसणार नाही. त्याची आई होती ती. आधी बाहेर काढली आणि रस्त्यात मेली तर जन्मभर लोकांनी त्यालाच मारणारा म्हटलं असतं, आणि त्यानं स्वतःलाही.

मी पुजाऱ्याकडं वळले. "दिवा लाव."

"आता? ऊन कुठं हाय बघा की."

"देवाला घड्याळ हाय का? लाव."

त्यानं उन्हाकडं एकदा बघितलं. मग आत गेला. तेल घातलं, वात सारली आणि भर दुपारी मारुतीपुढं दिवा लावला. घंटा वाजवली. बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवेलागण झाली. न्या."

पुतण्यानं मोटरसायकल काढली. जाऊ मधे, मी मागं. पुजाऱ्यानं आपलं उपरणं काढून तिला पुतण्याच्या पाठीला बांधलं. माझ्या वयात मी पहिल्यांदाच मोटरसायकलवर पाय टाकून बसले. तुळजापूर येईपर्यंत तिची मान पुतण्याच्या पाठीवर पडली होती आणि दवाखान्याच्या दारात तिला उचलून न्यावं लागलं. तिथं त्यांनी इंजेक्शनं दिली, घशात नळी घातली. श्वासाचं मशीन होतं, त्यावर दुसरं माणूस होतं. म्हणून सोलापूर.

आणि म्हणून तो फुगा माझ्या हातात.

तामलवाडी गेल्यावर माझी बोटं मिटेनाशी झाली. मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगून त्यांनी काय केलं असतं? पुतण्याला हाक मारली. म्हणाले, "माझ्या हातावर तुझा हात ठेव आन् म्या म्हणते तवाच दाब." तो घाई करायला लागला तशी मी ओवी म्हणायला लागले. जात्याची लय सगळ्यांच्या अंगात असते, त्याच्याही असणार, तो तिच्या मांडीवर झोपायचा तेव्हा ती दळत होती. ओढ घेतली की दाबायचं, सोडली की सोडायचं. माझा दम पुरत नव्हता. अर्ध्यात तुटायची, पुन्हा लावायचे. गाडीचा भोंगा वाजत होता आणि त्यात माझा तो घसा.

मधे मी तिला म्हणाले, "ऐक. त्या दिवशी मालक ऐकत व्हते आन् आमी चहा प्यालो. त्यांच्याशी कुणी बोललं न्हाय. आज म्या गप बसणार न्हाय. शिव्या दीन, पर गप बसणार न्हाय. तुझ्या नवऱ्याला बी दीन. ऐकायचं नसंल तर उठ."

ती उठली नाही. मी छातीकडं बघत होते. वर, खाली. एकदा मला वाटलं ती वर आलीच नाही. डॉक्टरांनी वाकून कान लावला, नळी थोडी सरकवली, म्हणाले, "दाबा." त्या वेळी मला देव आठवला नाही, मालक आठवले नाहीत. एवढंच वाटलं की ही गेली तर भिंतीपलीकडं चूल पेटणार नाही आणि मला कोणाशी न बोलता राहता येणार नाही, कारण न बोलायलाही कोणीतरी लागतं.

सोलापुरात तिला मशीनवर घेतलं. एका मुलीनं माझ्या हातातून फुगा घेतला. माझे हात तसेच वाकडे राहिले, मला बाकड्यावर बसवून पुतण्यानं बोटं एकेक करून सरळ केली. पुढचे कित्येक दिवस आम्ही त्या बाकड्यावर काढले. आधी तिच्या पायाचं बोट हललं. मग पापण्या. नळी काढल्यावर बरेच दिवस आवाज नव्हता.

घरी आल्यावर एका संध्याकाळी ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आक्का, गाडीत सगळं ऐकलं म्या."

"मग?"

"शिव्या चालल्या. ओवी लई वाईट म्हणता."

मालकांबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. ते ज्याचं त्याच्यापाशी आहे. त्या वर्गानं मला जे दिलं ते मला नको होतं, आणि अजूनही रात्री चहाच्या कपांचा आवाज येतो. पुन्हा कोणाला पान लागलं तर गाव आधी मारुतीला नेईल की दवाखान्यात, ते मला सांगता येणार नाही. गावाचं मी काही सांगत नाही.

आमच्या घरात पान लागलेली माणसं दोन. मालक वारले. जाऊ आहे.